३३ मिनिटे, सलग

महोदय,
अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमन यांच्या ‘सेव्हन साम्स’ (२०२३) या अल्बममधली चाल लक्षात राहत नाही, आवाज थकलाय, अशी नाराजी अनेकांकडून ऐकली. आवाज थकला आहे, हे खरेच. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते आणि याच कामादरम्यान त्यांच्या डाव्या कानाची श्रवणशक्ती बरीचशी गेली होती. पण सात भागांची ही ३३ मिनिटांची रचना त्यांनी मुद्दाम अखंड ठेवली. ती तुकड्यांत ऐकून नापसंत करणे मला अन्यायाचे वाटते. पहिल्यांदा मीही मध्येच थांबवली होती. दुसऱ्यांदा दिवा मालवून पूर्ण ऐकली. शेवटाकडे पत्नी एडी ब्रिकेल यांचा स्वर त्यांच्या स्वरात मिसळतो, तेव्हा डोळे भरून आले.

– एक श्रोता