‘मिग्रान्या’चे अर्धे डोके

महोदय,

आरोग्य पुरवणीतल्या मायग्रेनवरील लेखात स्पॅनिशमधले ‘मिग्राना’ आणि ‘हाकेका’ हे दोन्ही शब्द ग्रीक असल्याचे छापले आहे. पहिल्याचा उच्चार चुकला, दुसऱ्याचे कूळ.

शब्द आहे ‘मिग्रान्या’. ग्रीकमध्ये ‘हेमी’ म्हणजे अर्धे, ‘क्रानिऑन’ म्हणजे कवटी; त्यावरून ‘हेमिक्रानिया’. लॅटिनने तो जसाच्या तसा घेतला, पण लोकांच्या तोंडी तो झिजला. पुढचा ‘हे’ गळाला. ‘क्र’चा ‘ग्र’ झाला, जशी लॅटिन ‘लाक्रिमा’ची (अश्रू) स्पॅनिशमध्ये ‘लाग्रिमा’ झाली. शेवटच्या ‘निया’चा ‘न्या’ झाला. ‘हिस्पानिया’चे ‘एस्पान्या’ झाले तसाच. रोमन ‘एन’वरची नागमोडी रेघ हा ‘न्य’ दाखवते, ती शोभेची नाही. ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. रेघ पुसली की ‘आनो’, म्हणजे गुदद्वार. केस पेपरवर वयापुढे ही चूक फार वाईट दिसते!

‘हाकेका’ मात्र अरबी ‘शकीका’वरून आला. अर्थ तोच, दुभंगलेल्याची एक बाजू. आपल्याकडच्या युनानी वैद्यकातही अर्धशिशीला ‘शकीका’च म्हणतात.

मराठी ‘अर्धशिशी’ हे ग्रीक ‘हेमिक्रानिया’चे भाषांतर नव्हे, पण नाते आहे. ‘क्रानिऑन’ आणि संस्कृत ‘शीर्ष’ एकाच मुळाचे. ‘हेमी’चा संस्कृत भाऊ ‘सामि’, म्हणजे अर्धे. ‘सप्त’ला ग्रीकमध्ये ‘हेप्टा’ म्हणतात, तोच हा स-ह बदल.

खरी अडचण चौकटीत आहे. तिथे स्पॅनिश ‘एमिक्रानेआ कोन्तिनुआ’चे (इंग्रजीत ‘हेमिक्रेनिया कंटिन्युआ’) मराठी ‘सततची अर्धशिशी’ केले आहे. मूळ शब्द एक असला तरी आजच्या वैद्यकात हा वेगळा आजार आहे. त्यात डोक्याची एकच बाजू तीन महिन्यांहून अधिक काळ सतत दुखते आणि इंडोमेथॅसिन या वेदनाशामक औषधाच्या पुरेशा मात्रेने दुखणे पूर्ण थांबणे ही निदानाचीच अट आहे. मायग्रेनचा झटका मोठ्यांमध्ये उपचाराविना साधारण ४ ते ७२ तास टिकतो, आणि नावात ‘अर्धे’ असले तरी दोन्ही बाजूही दुखू शकतात. ‘सततची अर्धशिशी’ वाचून रुग्ण मायग्रेनच्याच गोळ्या घेत बसेल. इथे ‘हेमिक्रेनिया कंटिन्युआ’ हेच नाव ठेवावे. निदान तेवढी दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी.

– एक वैद्यकीय भाषांतरकार, पुणे