पराभवाच्या बातमीत सामनाही असू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

युरो २०२४ या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याबद्दल मंगळवारच्या अंकात आलेली बातमी वाचून हे पत्र लिहीत आहे. मी इंग्लंडचा जुना चाहता. स्पेनने २-१ असं हरवलं, त्याचं दुःख अजून ओसरलेलं नाही. पण बातमी वाचून अधिक निराश झालो.

बर्लिनमधला सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे अडीचच्या सुमारास संपला. सोमवारच्या अंकात तो नसणार, हे समजू शकतो. मंगळवारच्या अंकासाठी मात्र अख्खा दिवस हाताशी होता. तरी बातमीत आलं काय? १९६६ पासूनचा विजेतेपदाचा दुष्काळ, सलग दुसऱ्या युरोच्या अंतिम फेरीतली हार, आणि इंग्लंडचे तेव्हाचे प्रशिक्षक साउथगेट राहणार की जाणार. प्रत्यक्ष खेळाच्या वाट्याला दोन ओळी.

मी स्वतः क्रीडा व्हिडिओंसाठी मराठी निवेदन आणि सबटायटल लिहितो, त्यामुळे कामाची घाई मला ठाऊक आहे. त्या रविवारी संध्याकाळी विम्बल्डनमध्ये अल्काराझने जोकोविचला हरवलं, मध्यरात्री युरो, पहाटे कोपा अमेरिका या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना. मायामीत तिकीट नसलेल्यांची झुंबड उडाल्याने तो सामना तासाभराहून जास्त उशिरा सुरू झाला आणि अर्जेंटिनाचा गोल आला तो थेट ११२ व्या मिनिटाला. मंगळवारी साउथगेट यांनी राजीनामा दिला, की पुन्हा धावपळ. या सगळ्यात सर्वाधिक मागणी होती ती हरलेल्यांच्या चेहऱ्यांना. शिटी वाजून काही मिनिटं होत नाहीत तोच खेळाडूच्या तोंडासमोर माइक येतो. धाप लागलेला, डोळे भरलेला माणूस त्या क्षणी काय सांगणार? त्यातलंच एखादं तुटक वाक्य उचलून मथळा केला जातो. हे मला मनापासून खटकतं.

आणि सांगण्यासारखं किती होतं! आदल्याच दिवशी १७ वर्षांचा झालेल्या लामिन यमालने ४७ व्या मिनिटाला निको विल्यम्सला दिलेला पास आणि त्यावर झालेला स्पेनचा पहिला गोल. रॉड्री मध्यंतरालाच दुखापतीने बाहेर गेला, तरी न डगमगलेला स्पेन. इंग्लंडचा कर्णधार हॅरी केनला तासाभरानंतर बाहेर बोलावण्याचा निर्णय (माझ्या मते तो योग्यच होता), आणि बदली म्हणून आलेल्या कोल पामरने तीनच मिनिटांत साधलेली बरोबरी. ८६ व्या मिनिटाला स्पेनच्या कुकुरेयाच्या क्रॉसवर ओयारझाबाल घसरत आला आणि गोल झाला. त्यानंतरही इंग्लंडला संधी होती: कॉर्नरवर राइसचा हेडर उनाई सिमोनने परतवला, उडालेल्या चेंडूवर ग्वेहीने पुन्हा डोकं मारलं आणि गोलरेषेवर उभ्या दानी ओल्मोने तोही डोक्यानेच बाहेर काढला. स्पेन सरस होता, म्हणून जिंकला. इंग्लंडच्या चाहत्यालाही हेच वाचायचं असतं. आपला संघ नेमका कुठे कमी पडला, ते त्यातूनच कळतं.

२०२६ चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहे. बरेच सामने आपल्याकडे उत्तररात्री किंवा सकाळी असतील आणि निकाल अंकाच्या आधीच सर्वांच्या मोबाइलवर पोहोचलेला असेल. तेव्हा क्रीडा पानावर एक चौकट खेळासाठी राखून ठेवावी, ही विनंती. गोल कसे झाले, बदल कधी आणि कशासाठी केले, एवढं त्यात असावं. त्यासाठी रडणाऱ्या खेळाडूचा फोटो लहान करावा लागला तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक