कासला फुलपाखरं कुठे शोधशील

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

कासला जातोयस, तेही खास फुलपाखरांसाठी, हे वाचून फार बरं वाटलं. फक्त सप्टेंबरच्या मध्यातला शनिवार-रविवार धरू नकोस. गेंद आणि सीतेची आसवं या फुलांनी पठार तेव्हा भरलेलं असतं खरं, पण धुकं आणि वाराही तितकाच. उन्हात अंग तापल्याशिवाय फुलपाखरू उडत नाही. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीचा कामाचा दिवस निवड, वेळ सकाळी नऊ ते बारा. प्रवेशाची नोंदणी ऑनलाइन आधीच करून टाक.

उघड्या पठारावर फार रेंगाळू नकोस. जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ की झुडपं तग धरत नाहीत, म्हणजे आडोसाही नाही. पायवाट सोडून तर एक पाऊलही नको, पायाखाली रोपं चिरडतात. पठार उताराला लागतं तिथे, वारा अडतो अशा बाजूला, रस्त्याकडेची सोनकी गाठ. तिचं एक फूल म्हणजे बारीक फुलांचा झुबका. फुलपाखरू एकेका फुलात सोंड घालत बसतं, तेवढ्यात तुला जवळ सरकता येतं. वाकून जा, आणि तुझी सावली त्याच्यावर पडू देऊ नकोस. सावली पडली की ते उठलंच.

नुसती फुलं बघत बसलास तर निम्मं हुकेल. पाला बघ! टाकळ्याभोवती कॉमन ग्रास यलो या पिवळ्या फुलपाखराची मादी घुटमळताना दिसली की थांब. ती कोवळ्या पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान चाचपते (चव ती पायांनीच घेते), मग पोट वाकवून एकच पांढुरकं, लांबट अंडं चिकटवते. ती उडाली की भिंग लाव. कारवीवर चॉकलेट पॅन्सी आणि ब्लू ओकलीफ या फुलपाखरांचे सुरवंट वाढतात; पंख मिटलेला ओकलीफ हुबेहूब वाळकं पान दिसतो, म्हणून खोडांवरून नजर सावकाश फिरव. साताऱ्याहून वर येताना रुई दिसली तर प्लेन टायगर फुलपाखराच्या सुरवंटांसाठी तिची पानं तपास. वाळलेल्या खुळखुळ्यावर टायगर फुलपाखरांचे नर जमले असतील तर ते अल्कलॉइड (झाडातलं एक रसायन) शोषत असतात. मादीला भुलवणारा गंध त्यातूनच बनतो.

दुर्बीण 8×42 (आठपट जवळ दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) चालेल, पण दोन मीटरच्या आत फोकस होणारी हवी. हे दुकानातच तपासून घे. जाळं मुळीच नेऊ नकोस. ढग आला तर जागा बदलू नकोस, फुलपाखरं तिथेच पानांखाली बसलेली असतात. ऊन पडलं की पुन्हा बाहेर येतात.

छोट्या निळ्या फुलपाखरांचे फोटो पंखांच्या खालच्या बाजूने नक्की काढ, त्यांची ओळख बहुतेक तिथल्या ठिपक्यांवरूनच पटते. काढलेस की लगेच पाठव, मी वाट बघतोय.

तुझा,
नंदू