मशीन पाठवण्याआधी भिशी बघा

मा. संपादक,

आफ्रिकेतल्या गरीब बायकांना मदत म्हटलं की आपल्याकडे लगेच शिलाई मशीन नाहीतर जुने कपडे जमवायचं निघतं, आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळातही परवा तेच चाललं होतं. नायजरमध्ये 1991 ला केअर संस्थेने मारादी भागात बायकांचे बचत गट सुरू केले, म्हणजे आपली भिशीच म्हणा ना, बायका स्वतःचेच थोडे थोडे पैसे टाकतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात, कोणी शेळी घेते कोणी शेंगदाण्याचं तेल काढून विकते, आणि व्याज गटातच राहतं. पुढे ही पद्धत इतर देशांत गेली तिथे पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे! (आपल्या भिशीत सगळं एकीच्याच कपाटात, असो.)

बांगलादेशच्या ग्रामीण बँकेला 2006 चं नोबेल मिळालं म्हणून सगळे मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देण्याच्या मागे, पण 2010 ला आंध्रात अशा कर्जांच्या वसुलीच्या जाचापायी आत्महत्या झाल्या ते आठवा. पैसे द्यायचेच तर गट चालवायला आणि हिशोब लिहायला शिकवणाऱ्या कामाला द्या, मशीन बिघडलं तर पार्ट कुठून आणणार त्या?

– एक वाचक, बडोदा