मेट्रोचा जिना उतरल्यावर पुढे काय? नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

१ जून २०२५ पासून पीएमपीचं, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेचं, किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झालं आणि मासिक पास ९०० वरून १५०० वर गेला. ही बसची भाडेवाढ म्हणून सोडून दिली गेली. पुण्याच्या वाहतुकीचा हिशेब मांडणाऱ्या आम्हा मंडळींच्या लेखी ती मेट्रोची भाडेवाढ होती. का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

आधी एक स्पष्ट करतो. मेट्रो आम्हाला हवी आहे. तीन डब्यांच्या गाडीत सुमारे ९७० माणसं मावतात. सहा मिनिटांनी एक गाडी सोडली तर तासाला एका दिशेनं साडेनऊ हजारांवर माणसं जातात. पावसात कर्वे रस्ता खोळंबला तरी वरची गाडी ठरल्या वेळी पोचते. ६ मार्च २०२२ला वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा तुकडा सुरू झाला, २९ सप्टेंबर २०२४ला गाडी स्वारगेटला पोचली. एवढं झालं ते चांगलंच झालं.

पण माणूस स्थानकात राहत नाही. घर स्थानकापासून तीन किलोमीटर, ऑफिस पलीकडच्या स्थानकापासून दोन किलोमीटर आणि मधे बारा किलोमीटर मेट्रो, असा साधा प्रवास धरा. घरातून थांब्यापर्यंत ५ मिनिटं, वीस मिनिटांनी येणाऱ्या बसची सरासरी वाट १०, बसमध्ये १२, तपासणी आणि जिने ४, फलाटावर ३, मेट्रोत २२, बाहेर पडायला ४, पुन्हा बसची वाट १०, बसमध्ये ८. झाली ७८ मिनिटं. दुचाकीवर रस्त्यानं हे अंतर पंधराएक किलोमीटर भरतं आणि पाऊण तासात होतं.

आता पैसे. बस १०, मेट्रो २५, बस १०. येऊनजाऊन ९० रुपये. दुचाकीला तीस किलोमीटरला पाऊण लिटरही पेट्रोल लागत नाही. १०४ रुपये लिटर धरून जेमतेम ७० रुपये. वेळही जास्त, पैसेही जास्त. मग लोक मेट्रोनं का येत नाहीत, हा प्रश्न तुम्ही कुणाला विचारता? बसचा मासिक पास काढावा, तर पंचवीस दिवसांत बसची सुटी तिकिटं हजार रुपयांचीच होतात, पास १५०० चा, आणि मेट्रोचे पैसे वेगळेच.

यावर उपाय आहे आणि तो आमच्या डोक्यातून निघालेला नाही. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात लिहिलंय की प्रत्येक स्थानकाभोवती किमान पाच किलोमीटरच्या टापूसाठी पूरक बससेवा देण्याची हमी राज्यानं प्रकल्प अहवालातच द्यावी. तुमच्या स्थानकांपैकी किती ठिकाणी ही सेवा वेळापत्रकानुसार चालते? यादी जाहीर करा.

अशा पूरक बसचा, स्थानकापासून निघून परत स्थानकाला येणारा, सहा किलोमीटरचा फेरा घ्या. रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरचा वेग धरला तर २४ मिनिटं, टोकाला ६ मिनिटं विसावा, म्हणजे अर्ध्या तासाची फेरी. दर सहा मिनिटांनी बस द्यायची तर पाच मिडी, म्हणजे मध्यम आकाराच्या, बस लागतात. स्थानकाच्या दोन्ही बाजूंना एकेक फेरा धरून दहा. मग दोन्हीकडची मिळून २० मिनिटांची वाट ६ मिनिटांवर येते आणि ७८ मिनिटांची ६४ होतात. शिवाय मेट्रोच्या तिकिटावर ही बस फुकट ठेवली तर रोजचा खर्च ९० वरून ५० वर येतो. तेव्हा कुठे दुचाकी घरी राहील.

बस कमी सोडल्या की दुसरंच दुखणं सुरू होतं. एका बसला उशीर झाला की थांब्यावर गर्दी वाढते, चढउतार लांबते, उशीर आणखी वाढतो आणि मागची बस तिला येऊन चिकटते. मग अर्धा तास काहीच नाही आणि नंतर दोन बस एकदम. म्हणून टोकाचा विसावा कापू नका. फेऱ्या वाढवून दाखवण्यासाठी सर्वांत आधी तोच कापला जातो.

आणि पदपथ! भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो किमान १.८ मीटर मोकळा हवा. स्थानकाच्या जिन्याचा पायथाच पदपथावर उतरवला, शेजारी विजेची डीपी आणि पुढे लावलेल्या दुचाक्या असल्या, तर काठी टेकत चालणाऱ्या आजींनी रस्त्यावरून जायचं का? बसथांबा जिन्यापासून पन्नास मीटरच्या आत का नको? महापालिका म्हणते मेट्रोला विचारा, मेट्रो म्हणते पालिकेला विचारा, पीएमपी म्हणते जागा आमची नाही. ही टोलवाटोलवी किती वर्षं ऐकायची? सगळ्यांना एका टेबलावर बसवून निर्णय लादू शकेल अशी संस्था कायद्यानं उभी करायला चेन्नईनं २०१०चा कायदा वापरला, बंगळूरुसाठी कर्नाटकानं २०२२ला कायदा केला. महाराष्ट्राला कोणी अडवलंय?

हिंजवडीच्या २३.३ किलोमीटर मार्गाची पायाभरणी डिसेंबर २०१८ची. मार्च २०२५ची मुदत उलटून गेली. हा मार्ग सिव्हिल कोर्टला बाकीच्या दोन मार्गांना मिळतो, पण तो खासगी भागीदारीतला आहे. दोन चालक, दोन तिकिटं असं झालं तर पहिल्या टप्प्याचं भाडं प्रवाशाला दोनदा भरावं लागेल, आणि किलोमीटरमागे सर्वांत महाग असतो तो पहिलाच टप्पा. भाडं पूर्ण अंतरावर एकदाच आकारावं, हा करार कागदावर आणा. मुंबईत वेगवेगळ्या चालकांच्या मार्गांवर भाड्याची जी बेरीज होते ती इथे नको.

जून २०२५मध्ये चांदणी चौक आणि वाघोलीपर्यंतच्या १२.७५ किलोमीटर मेट्रोला ३,६२६ कोटी मंजूर झाले. म्हणजे किलोमीटरला सुमारे २८४ कोटी. नव्या खांबांना पैसा आहे, मुहूर्त आहे, फीत आहे. पाच मिडी बसना मात्र निधीची टंचाई. या राज्यात उद्घाटन करता येतं तेच बांधलं जातं, चालवायचं असतं ते कुणाच्याच खात्यात नसतं. बसचं वेळापत्रक सुधारलं म्हणून कोणी फलक लावत नाही, म्हणूनच ते सुधारत नाही.

स्थानकनिहाय पूरक बसचं वेळापत्रक, एकत्रित भाड्याचा निर्णय आणि वाहतूक प्राधिकरणाच्या कायद्याचा मसुदा, या तिन्हींच्या तारखा आम्हाला लेखी हव्या आहेत. येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवा.

आपले,
पुण्यातील काही मेट्रो प्रवासी