कल्चरसाठी लघवी पिशवीतून घेऊ नका

महोदय,

लघवीची नळी घातलेल्या रुग्णाला ताप आला की युरिन कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पाठवले जाते. अनेक वॉर्डांत हा नमुना पिशवीच्या तळाचा नळ सोडून भरतात. हे ताबडतोब थांबायला हवे. पिशवीत लघवी तासन् तास साचून राहते आणि मूत्राशयात नसलेले जंतूही तिथे वाढतात. मग पिशवीतला स्यूडोमोनास हा जंतू रिपोर्टात उतरतो आणि गरज नसताना मेरोपेनेमसारखे जोरदार अँटिबायोटिक सुरू होते.

नळीला पंधरा-वीस मिनिटे चिमटा लावावा, नळीवरचे नमुना घेण्याचे तोंड (पोर्ट) स्पिरिटने पुसून वाळू द्यावे आणि निर्जंतुक सिरिंजने ५ ते १० मिली लघवी ओढावी. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर आधी ती बदलावी, कारण तिच्या आतल्या बाजूला जंतूंचा चिकट थर बसलेला असतो. हे सारे अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोहोचत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावा. अनुकूल वातावरणात ई. कोलाय हा जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे तासात आठपट! संसर्ग मानण्यासाठी धरला जाणारा मिलीलिटरमागे एक लाख जंतूंचा आकडा टेबलावर पडून राहिलेल्या बाटलीतही गाठला जातो.

लॅबचीही जबाबदारी आहे. सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे जंतूवर कोणते औषध लागू पडते ते पाहण्याच्या, प्लेटवर औषधाच्या चकतीभोवतीचे स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. जंतूंचे द्रावण प्रमाणापेक्षा दाट झाले की वर्तुळ आक्रसते आणि लागू पडणारे औषधही 'रेझिस्टंट' ठरते. तीन-चार प्रकारचे जंतू उगवले तर नमुना दूषित समजून सेन्सिटिव्हिटी लावू नये, नमुना पुन्हा मागवावा.

डॉक्टरांनीही रिपोर्टात औषधापुढे नुसते 'एस' (सेन्सिटिव्ह, म्हणजे लागू पडणारे) अक्षर पाहून औषध लिहू नये. नायट्रोफ्युरँटॉइन हे औषध मूत्राशयाच्या संसर्गावर उत्तम, पण किडनीच्या संसर्गात ते पुरेसे पोहोचत नाही. प्रोटियस या जंतूवर तर ते मुळातच चालत नाही. आणि लक्षणे नसताना नुसते कल्चर पॉझिटिव्ह आले, तर गर्भवती आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण सोडून सहसा उपचार करायचा नसतो. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो.

प्रत्येक रुग्णालयाने वर्षातून एकदा स्वतःचा अँटिबायोग्राम (कोणत्या जंतूवर कोणते औषध किती टक्के लागू पडते याचा तक्ता) काढावा. एका रुग्णाचा एका जातीचा पहिलाच जंतू धरावा, नाहीतर महिनाभर दाखल असलेला एकच रुग्ण आकडे बिघडवतो. एका जातीचे किमान ३० नमुने असल्याशिवाय टक्केवारी काढू नये. ओपीडी आणि दाखल रुग्णांचे तक्ते वेगळे ठेवावेत, आणि दाखल रुग्णांचा तक्ता वॉर्डात औषधांच्या ट्रॉलीवरच चिकटवावा.

– एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पुणे