विज्ञान प्रदर्शनात एक पाण्याची टाकी ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पलूस तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका विज्ञान प्रदर्शनाला गेलो होतो, तिथनं आल्यापासून डोक्यात एकच विषय आहे, तो तुमच्या पेपरातनं सगळ्यांपर्यंत जावा म्हणून लिहितोय.

माझी पोरगी नववीला आहे. तिच्या वर्गातल्या सहा जणांनी विज्ञानाच्या मॅडमना सोबत घेऊन पाण्याखाली चालणारा रोबो केला. अर्धा इंची पीव्हीसी पाइपची चौकट, बारा व्होल्टच्या तीन छोट्या मोटरी (दोन पुढं ढकलायला, एक वर-खाली करायला), पंधरा मीटर वायर आणि मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा. प्रदर्शनात त्यांना एक टेबल मिळालं, मागं चार्ट लावायला पुठ्ठा, बस्स. पाणी नाही. परीक्षक आले, रोबो कोरडाच टेबलावर, त्यांनी विचारलं एवढी वायर कशाला, रिमोटवर का नाही केला? पोरीनं नीट सांगितलं की सर रेडिओच्या लहरी पाण्यात लगेच विरून जातात, म्हणून मोठमोठे रोबोसुद्धा वायरीवरच चालवतात. पण हे कोरड्या टेबलावर कुणाला पटवणार? दोन मिनिटांत पुढच्या टेबलाकडं गेले. नंबर गेला त्याचं एवढं काही नाही, पण तीन महिन्यांत जे पोरांनी केलं ते कुणी बघितलंच नाही याचं वाईट वाटलं, म्हणून इथं सांगतो.

पहिल्यांदा तरंगण्यासाठी त्यांनी चौकटीच्या वर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बांधल्या होत्या. शाळेच्या टाकीत झकास तरंगला. मग एका पोराच्या शेतातल्या विहिरीवर गेलो, तीन परस म्हणजे साधारण पाच मीटर पाणी होतं, तिथं थोडा खाली गेला आणि तिथनं जो सुटला तो थेट तळाला, वर-खाली करणारी मोटर फुल्ल चालू असून वर येईना. वायर धरून ओढून काढला. एका पोरानं विचारलं, काका वर तरंगतोय तर खाली का बुडतोय? मी गप्प बसलो कारण उत्तर त्यांनाच शोधू द्यायचं होतं. दुसऱ्यांदा कॅमेरा बाटलीकडं वळवून सोडला तर बाटल्या चेपलेल्या दिसल्या. दहा मीटरला दाब एक वातावरणानं, म्हणजे वर हवेचा असतो तेवढ्यानं, वाढतो, म्हणजे पाच मीटरला अर्ध्यानं, बाटलीतली हवा आवळली की ती पाणी कमी सारते, आणि जेवढं पाणी कमी सारलं तेवढा वर ढकलणारा जोर कमी, हाच आर्किमिडीजचा नियम. पुस्तकात हा नियम सगळ्यांनी पाठ केला होता, मार्कही मिळवले होते. विहिरीच्या काठावर तो कळला. मग बाटल्या काढून दोन्ही तोंडं बंद केलेले जाड पाइपचे तुकडे बांधले, आणि बाकीच्या चौकटीला उलट भोकं पाडली, म्हणजे तिच्यात पाणी शिरून ती मधेच लटकत राहील.

दुसरी गोष्ट वायरीची. दुकानात टेबलावर मोटर भन्नाट फिरायची आणि लांब वायर लावली की मरगळायची. मल्टिमीटर लावायला सांगितलं, बॅटरीला बारा व्होल्ट, मोटरीला साडेआठ. बाकीचे वायरीतच खर्च होत होते. पोरांनी दोन-दोन तारा जोडून डबल केल्या, मग जवळपास दहा मिळाले. आणि हो, 230 व्होल्ट पाण्याच्या आसपाससुद्धा आणू दिलं नाही, बारा व्होल्टची बॅटरीच, हे दुसऱ्या शाळांनीही कटाक्षानं पाळावं. मोटरीच्या दांड्यातनं पाणी आत शिरतंच, त्यासाठी ग्रीस भरलं, पण त्यांना मी आमची पाणबुडी मोटारही उघडून दाखवली, हिच्यात आपण मुद्दाम पाणी भरतो, वाइंडिंगची तारच प्लास्टिकच्या आवरणाची असते, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा. पोरं अर्धा तास त्या मोटारीभोवती होती.

शेवटच्या चाचणीला त्या विहिरीतच एक गंमत झाली. शेतकरी दोन महिने म्हणत होते मोटर पाणी कमी फेकतीय. रोबो खाली गेला, मोबाईलवर गढूळ दिसत होतं, हळूहळू पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह दिसला आणि त्याला खताचं फाटकं पोतं गुंडाळलेलं. मोबाईल हातात घेऊन ते दोन मिनिटं बघतच राहिले. एरवी यासाठी पोहणारा माणूस खाली सोडावा लागतो, आणि नदीकाठच्या जॅकवेलला (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीला) तर महापुरानंतर गाळ, जलपर्णी, शिवाय भिलवडी-औदुंबरच्या बाजूला मगरी. कृष्णाकाठच्या माणसाला याचं वेगळं सांगायला नको. पुलांचंही तसंच. महाडचा सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला पूल 2 ऑगस्ट 2016 ला रात्री वाहून गेला, आपला सांगलीचा आयर्विन पूल 1929 चा, 2019 ला त्याच्याजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पुलांचे पाय पाण्याखाली कसे आहेत ते बघायला अशीच यंत्रं लागतात.

देशात चेन्नईची एनआयओटी ही समुद्र तंत्रज्ञानाची सरकारी संस्था मत्स्य 6000 नावाचं पाणबुडं यान बनवतीय, तीन माणसं घेऊन समुद्रात सहा किलोमीटर खाली जाणारं, तिथं दाब वरच्यापेक्षा सुमारे 600 पट. अमेरिकेत तर एमआयटी या तिथल्या विद्यापीठानं 2003 पासून शाळेच्या पोरांकडनं अशाच पीव्हीसी पाइपचे रोबो करून घ्यायला सुरुवात केली. आपल्या पोरांना साहित्य आपल्या बाजारपेठेत मिळतं, हुशारी घरचीच आहे, फक्त पाणी मिळत नाही.

म्हणून शिक्षण खात्याला आणि प्रदर्शन भरवणाऱ्या शाळांना हात जोडून विनंती, प्रत्येक तालुक्याच्या प्रदर्शनात एक पाण्याची टाकी ठेवा आणि परीक्षकांनी चालू यंत्र बघूनच गुण द्यावेत. खर्च काही नाही हो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्री टाकून पाणी भरलं की दोन फुटांची टाकी तयार होते. खोल चाचणीचा व्हिडिओ पोरं मोबाईलवर दाखवतील. पुढच्या वर्षी आमच्या तालुक्यात प्रदर्शन कुठल्याही शाळेत असू दे, ट्रॉली, ताडपत्री आणि पाण्याचा टँकर माझ्याकडनं, फक्त दोन दिवस आधी कळवा.

आपला,
एक पालक, ता. पलूस, जि. सांगली